नऊ ठोक्यांची जमीन



आमच्या देशावर रस्त्याचं काम म्हणजे दोन हात माती काढली की मुरूम लागायचा आणि मुरमाखाली काळा पाषाण. काळ्या मातीचा जाच होता, नाही असं नाही. पण ती उचलून टाकता यायची. नोकरीची पहिली काही वर्षं माझी अशी सुखात गेली आणि मग कामानिमित्त उत्तर बिहारमध्ये जाऊन पडलो. तिथे कोसी, बागमती, गंडक या नद्यांनी हिमालयातून आणून टाकलेला गाळ आहे. बारीक रेती, पोयटा, मध्येच चिकणमातीचा थर. शेकडो मीटर खाली गेलात तरी हेच. पाणी तर उन्हाळ्यातसुद्धा हाताशी. दरवर्षी पूर येतो म्हणून रस्ता भरावावरूनच न्यायचा, आणि पुलाच्या तोंडाशी तो भराव सहा-सात मीटर उंच व्हायचा.

दाबून बसवलेली माती घनमीटरला साधारण २ टन भरते. म्हणजे ६ मीटर उंच भरावाखाली प्रत्येक चौरस मीटरवर १२ टन. त्यावरून जाणारे मालट्रक या हिशेबात किरकोळच. खरा बोजा रस्त्याचा स्वतःचाच. तो झेपेल का, हे खालच्या मातीला विचारायचं, आणि विचारायची रीत फार जुनी आणि अगदी गावठी वाटेल अशी आहे.

जमिनीत भोक घ्यायचं. तळाशी दोन फाकांची पोलादी नळी टेकवायची. साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून तिच्या दांड्यावर सोडायचा आणि ठोके मोजायचे. पहिले १५ सेंटिमीटर सोडून द्यायचे. पुढचे ३० सेंटिमीटर जायला जितके ठोके लागतील तो आकडा. साइटवर सगळे त्याला ‘एन’ म्हणतात. रेतीत हा आकडा १०च्या खाली आला की जमीन सैल. ३०च्या वर गेला की घट्ट.

आमच्या पहिल्या भोकात ३ मीटरवर नऊ ठोके आले. दुसऱ्या भोकात, संध्याकाळी, चौदा. अंतर जेमतेम वीस पावलं. मला ते पटेना. सकाळी जाऊन शेजारीच पुन्हा भोक घ्यायला लावलं आणि दांड्यावर ७५ सेंटिमीटरला खडूची खूण केली. आले आठ. मुकादम हसला. दिवसभर दोर ओढून थकलेली माणसं संध्याकाळी हातोडा पुरता उचलत नव्हती. उंची कमी, म्हणून ठोका हलका. ठोका हलका, म्हणून ठोके जास्त. आणि कागदावर जमीन एका रात्रीत मजबूत! उलटंही होतं. दांडे भसकन वर ओढले किंवा भोकातलं पाणी बाहेरच्या पातळीच्या खाली गेलं, तर तळाची रेती उसळून वर येते, सैल होते, आणि चांगली जमीन वाईट दिसते. पुढे संगणकावर दशांश चिन्हानंतर तीन-तीन आकडे काढतात, त्याचं मूळ हे दोराला धरलेल्या चार हातांत असतं. म्हणून तरुण अभियंत्यांना मी सांगतो, भोक घेताना तिथे उभे राहा. छत्री घ्या, पण उभे राहा.

सैल ओल्या रेतीची एवढी धास्ती का? पायलीत ज्वारी भरून पायली हलवा. दाणे खाली बसतात, मधली हवा निघून जाते. रेतीच्या कणांमध्ये हवेऐवजी पाणी असेल आणि धक्का भूकंपाचा असेल, तर त्या काही सेकंदांत पाण्याला निघायला वाट मिळत नाही. कणांवरचा भार पाण्यावर येतो, कण एकमेकांना सोडतात, आणि जमीन काही काळ घट्ट पिठल्यासारखी होते. १५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी दोननंतर याच प्रदेशात हे घडलं. सीतामढी, मधुबनी, पूर्णिया या बाजूला सुमारे ३०० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात जमीन खचली. रेतीचे फवारे उडाले, विहिरी रेतीने भरल्या, घरं कलली. भूवैज्ञानिकांनी नोंदवून ठेवलंय की भरावांच्या लांबच लांब रांगा बसून जवळजवळ शेताच्या पातळीला आल्या, आणि तलाव, खड्डे उथळ झाले. उंच ते खाली, खोल ते वर.

यावर उपाय आहेत. रेती सैल असेल तर जमिनीत ठरावीक अंतरावर भोकं घेऊन खडी ठासून भरतात. हे दगडी खांब भोवतालची रेती दाबून घट्ट करतात आणि पाण्याला वाटही देतात. भरावाच्या बाजूचा उतार मंद करतात, पायथ्याशी मातीचा जादा पट्टा घालतात. पुराच्या पाण्यासाठी मोऱ्या पुरेशा ठेवायच्या, नाहीतर आपला रस्ता म्हणजे धरण होऊन बसतो.

चिकणमातीचं दुखणं मात्र निराळं. तिच्यातलं पाणी निघायला महिने, कधी वर्षं लागतात, आणि ते निघेल तसा भराव बसत जातो. पाण्याला जायचं अंतर निम्मं केलं तर वेळ चौथाईवर येतो, म्हणून दहा सेंटिमीटर रुंदीच्या चपट्या पट्ट्या मातीत उभ्या खुपसतात, त्यांतून पाणी वर येतं. मग भराव घालायचा, त्यावर थोडी जास्तीची माती रचायची आणि थांबायचं. हे थांबणंच कुणाला नको असतं. उद्घाटनाची तारीख ठरलेली असते, पत्रिका छापलेल्या असतात. पूल खोल खांबांवर उभा, तो हलत नाही, भराव बसतो, आणि जिथे दोघं भेटतात तिथे पायरी पडते.

ती पायरी आपल्याकडेही, खाडीलगतच्या रस्त्यांवर, तुमच्या कंबरेला ठाऊक आहे. यापुढे पुलाच्या तोंडाशी गाडी आपटली, तर डांबर कसलं वापरलं हे विचारू नका. भराव घातल्यावर डांबर टाकण्याआधी किती महिने थांबला होता, एवढंच विचारा.