सुट्टे पैसे
(नभोवाणीवरील भाषण)



भाषण करायची मला सवय नाही. बत्तीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो, परतूर आगारात. माझं जाहीर बोलणं म्हणजे 'पुढं सरका', 'दारातून पाय काढा' आणि 'सुट्टे द्या'. एवढ्या तीन वाक्यांवर बत्तीस वर्षं निघाली. तेव्हा बोलता बोलता मी तुम्हाला पुढं सरकायला सांगितलं तर राग मानू नका.

मागच्या साली पाडवा ३० मार्चला आला आणि लगेच दुसऱ्या दिवशी रमजान ईद. त्या ईदेच्या दिवशी, ३१ मार्च २०२५ला, मी निवृत्त झालो. आदल्या दिवशी घरच्या पुरणपोळ्या आणि दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर सगळ्यात जास्त फेऱ्या मारलेल्या ड्रायव्हरच्या घरचा शिरखुर्मा. आगारात शाल-नारळ मिळालं. तिकिटाचं मशीन जमा केलं, रोकड मोजून दिली आणि रिकाम्या खांद्यानं घरी आलो. बॅग गेली, पण खांदा एका बाजूला कललेला राहिला तो राहिलाच. बायको म्हणते, ''तुम्ही खुर्चीत बसलात तरी गाडी वळणावर असल्यासारखे बसता.''

आता १९ मार्चला पुन्हा पाडवा येतोय. वर्ष सरलं. फेरी संपली की हिशोब द्यायचा, ही जुनी सवय. म्हणून या वर्षाचं वे-बिल तुमच्यापुढं मांडतो.

त्याआधी धंद्यातली एक गोष्ट सांगतो. पहाटेच्या पहिल्या गाडीत कुणी पाचशेची नोट काढली की कंडक्टरच्या पोटात गोळा येतो. नोट खरी असते, मोठी असते, पण तिला मोडणार कोण? अख्ख्या गाडीत कुणाकडं सुट्टे नसतात. माणसाची मोठी सुखं मला तशीच वाटतात. मुलीचं लग्न, घरावरचा स्लॅब, पोराची नोकरी. पाच-दहा वर्षांत एखादी नोट हाती येते. रोजची फेरी मात्र सुट्ट्यांवरच निघते. नोकरीत असताना मी लोकांचे सुट्टे मोजले. स्वतःचे मोजायला हे वर्ष मिळालं.

पहिले दोन महिने पहाटे साडेचारला डोळे आपोआप उघडायचे. जायचं तर कुठंच नाही. मग मी पडल्या पडल्या ऐकायला लागलो. अजान होते, मागोमाग काकड्याचे टाळ. आगारात एखादी गाडी दोनदा खोकते आणि तिसऱ्यांदा सुरू होते. तेवढ्या खोकल्यावरून ती गाडी कुठली हे मला अजून कळतं. मग रेल्वे. मनमाड-सिकंदराबाद मार्गावरचं आमचं गाव. निझामाच्या काळात, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ही लाइन पडली. माझ्या लहानपणी ती मीटरगेज होती. त्या गाडीची शिट्टी बारीक, आजारी माणसासारखी यायची.

त्या लहानपणाची एक गंमत आहे. आमचा परतूर तालुका तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९८१ला जालना जिल्हा झाला आणि आम्ही जालन्यात गेलो. मी चौदा वर्षांचा होतो. सकाळी उठून गाव बघायला निघालो, काय काय बदललं म्हणून. काहीच बदललं नव्हतं. तरी दिवसभर हिंडलो. चव्वेचाळीस वर्षांनी, काहीच काम नसताना, पुन्हा तसा हिंडलो. या खेपेला मात्र बरंच काही दिसलं.

आता नातवाला घेऊन स्टेशनाकडं जातो. २६ ऑगस्टला जालन्याची वंदे भारत नांदेडपर्यंत वाढली. ती परतूरला थांबत नाही. सूं करून निघून जाते आणि मागं नुसती धूळ बसत राहते. नातवाला तेवढंही पुरतं. त्यानं विचारलं, ''आजोबा, तिचा कंडक्टर कुठं उभा राहतो?'' मी म्हटलं, ''त्यात कंडक्टर नसतो, टीसी असतो.'' तो म्हणाला, ''मग गाडीला चल कोण म्हणतं?'' एवढा मान मला बत्तीस वर्षांत कुणी दिला नव्हता.

नोकरी नसलेल्या माणसाला घरात पहिली ड्यूटी लागते ती वाळवणाची. मे महिन्यात गच्चीवर कुरडया घातल्या होत्या आणि कावळे हाकायला मी. गेल्या साली मान्सून केरळात २४ मेलाच येऊन धडकला, आणि आमच्याकडं त्याच्याही आधीपासून वळवानं धुमाकूळ घातला होता. आभाळ कधी भरून आलं ते मला कळलं नाही, कारण राखणदार खाटेवर झोपला होता. कुरडयांचा पुन्हा चीक झाला. बायको काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी गहू परत भिजत घातले आणि या खेपेला छत्री घेऊन स्वतः बसली.

आषाढी एकादशीला, ६ जुलैला, मी घरी होतो. ऐकणाऱ्यांना यात काय विशेष वाटेल? पण आमच्या लोकांची आषाढी म्हणजे यात्रेची जादा वाहतूक. पंढरपूरला मी वर्षानुवर्षं गेलो आणि कळस बघून परत आलो. दर्शनाची रांग आपल्यासाठी नाही, आपली रांग बसस्टँडावर. यंदा घरात पाट मांडून बसलो, रेडिओ लावला आणि साबुदाण्याची खिचडी गरम असताना खाल्ली. गरम हा शब्द मुद्दाम सांगतो. कंडक्टर सगळं खातो, पण गार.

गौरींना आमच्याकडं महालक्ष्म्या म्हणतात. तीन दिवसांचा सण, सोळा भाज्या, आंबील, पुरण. घरी मी दर वर्षी पोचायचो तो विसर्जनाला, नाही तर उरलेल्या पुरणाला. यंदा मुखवट्यांना पदर नीट करताना मी जवळ उभा होतो आणि मला टाचण्या धरायचं काम मिळालं. चांगला तासभर मी टाचण्या धरून उभा होतो.

मग सप्टेंबर आला. त्या महिन्याबद्दल मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. पाऊस थांबेना. दुधना काठ सोडून आली. आमच्या भावाच्या रानात सोयाबीन काढणीला आलेलं. शेंगांना झाडावरच कोंब फुटले, कापसाची बोंडं काळी पडली. आम्ही दोघं भाऊ गुडघाभर चिखलात बांधावर उभे होतो आणि एकमेकांकडं बघत नव्हतो. तो टप्पा वे-बिलात कोरा आहे. कोरा टप्पाही लिहावा लागतो, शून्य घालून. मी शून्य घातलं.

त्याच दिवसांत, पाऊस जरा उघडल्यावर, आठवडी बाजारात गेलो होतो. कोथिंबिरीच्या जुड्यांमागून आवाज आला, ''कंडक्टर, थांबा.'' अंगावर खाकी नव्हती तरी तिनं ओळखलं. पिकली म्हातारी. मला वाटलं, भाजी घ्या म्हणेल. ती म्हणाली, ''माझे सात रुपये ऱ्हायलेत तुमच्याकडं.''

कमरेची चंची काढली. आत तंबाखू, सुपारी, औषधाची चिठ्ठी आणि चिठ्ठीच्या घडीत एक तिकीट. मशीनच्या तिकिटाची छपाई काही महिन्यांत उडून जाते. हेही पार पांढरं पडलेलं. कुठून कुठं, कधी, किती रुपये, काही दिसत नव्हतं. तिनं ते उलटं केलं. मागं बॉलपेनानं माझ्या हातचा सात आणि त्याखाली रेघ. सुट्टे नसले की आम्ही तिकिटामागं बाकी लिहून देतो, उतरताना घ्या म्हणतो. ''उतरायच्या घाईत तुमी बी इसरलात, मी बी. मग तुमी दुसऱ्या रूटला गेलात.''

मी दहाची नोट दिली. तिच्याकडं परत द्यायला तीन रुपये सुट्टे नव्हते. आम्ही दोघंही हसलो. ''तीनाची कोथिंबीर घ्या,'' म्हणाली आणि दिली ती चांगली दहाची. मी विचारलं, ''आजी, एवढे दिवस सांभाळून ठेवलंत?'' तर म्हणाली, ''पंचाहत्तरी झाली. आता मला एष्टीत तिकीटच लागत न्हाई. मग ह्ये फिटायचं कधी?''

ते तिकीट मला हवं होतं, आठवण म्हणून. मागितलं तर देईना. ''फिटलं की फाडायचं आसतं,'' म्हणाली आणि माझ्यासमोर चार तुकडे केले. अलीकडं गाडीत मोबाइलनं पैसे देता येतात. सुट्ट्यांची भांडणं कमी झाली, चांगलं झालं. फक्त तिकिटामागं लिहायला आता काही उरत नाही.

डिसेंबरात मी आणि माझा जुना ड्रायव्हर एका मुक्कामाच्या गावी जाऊन आलो. मुक्कामी गाडी म्हणजे रात्री नवाच्या आसपास गावात पोचायचं, मारुतीच्या पाराजवळ गाडी लावायची, सीटवर अंथरूण टाकायचं आणि पहाटे उजाडायच्या आत निघायचं. त्या गावात मी शंभर रात्री तरी काढल्या असतील. दिवस एकही नाही. यंदा दिवसाच्या गाडीनं गेलो, खिडकीजवळ बसून. कंडक्टर एक तरणी मुलगी होती. तिनं मला 'काका, सुट्टे द्या' म्हटलं आणि माझ्या खिशात सुट्टे नव्हते.

गावात उतरलो आणि दोघंही बावचळलो. गावामागं डोंगर आहे असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. ती पडकी गढी निघाली. ज्या घरून आम्हाला पिठलं-भाकरी यायची, ते लांब गल्लीच्या टोकाला असेल असं वाटायचं, कारण कंदील हळूहळू जवळ येताना दिसायचा. ते घर पारापासून वीस पावलांवर होतं. लांब नव्हतं काहीच, त्या बाईचं चालणंच सावकाश होतं, ताटलीतलं पिठलं सांडू नये म्हणून. ती अजून आहे. आम्हाला उंबऱ्यात बघून डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाली, ''म्हातारे झालात, का दिवसा असेच दिसता?''

तिच्या ओसरीवर दुपारभर बसलो. पाराजवळच्या पिंपळाची पानं हलत होती. रात्री त्याच आवाजानं मी कितीदा दचकून उठलो होतो, पाऊस आला म्हणून.

संक्रांतीच्या मागंपुढं भावानं रानात बोलावलं. सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन नेलं, पण जमिनीत ओल ठेवून गेला. त्या ओलीवर ज्वारी डोक्याएवढी आली होती. बांधाला आगटी केली, गोवऱ्या पेटवल्या, गुळभेंडीची कणसं निखाऱ्यात खोचली. भाजलेलं कणीस हातावर चोळताना तळवा पोळतो आणि थांबता येत नाही. हिरवे दाणे खाली पडतात, फोलफट फुंकरीनं उडतं. जवसाची चटणी, दही, वरून गूळ. भाऊ तीन महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं बोलला. बोलला काय, तर, ''चटणीत मीठ कमी आहे.'' पण मोठ्यानं बोलला.

असं हे वर्षाचं वे-बिल. मोठी नोट एकही नाही. सगळी चिल्लर.

आता नवं वर्ष. शके १९४८, आणि पंचांगात संवत्सराचं नाव आहे 'पराभव'. बायको म्हणाली, नाव काही बरं नाही. मी तिला सांगितलं, संवत्सरं साठ असतात आणि साठ वर्षांनी तीच नावं फिरून येतात. माझा जन्म शके १८८८चा, म्हणजे मागच्या पराभव संवत्सरातला. सुरुवातच जर पराभवापासून आहे, तर आता भ्यायचं कशाला?

शिवाय या वर्षात तेरा महिने आहेत. १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतो. धोंड्याचा महिना, जावयाला बोलवायचं, अनारसे करायचे. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत उरकतात आणि सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी अकरा दिवसांची बाकी राहते. पंचांगवाले ती बुडवत नाहीत. मागं लिहून ठेवतात आणि साठत साठत गेली की साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अख्खा महिना हातावर ठेवतात. पहिलं पंचांग करणारा माणूस कंडक्टर असावा, असा मला दाट संशय आहे.

गेल्या सालाकडं माझंही काही येणं आहे. कुरडयांचा एक घाणा आहे, भावाचं सोयाबीन आहे. मागं लिहून ठेवलंय, पेनानं.

काचेपलीकडून वेळ झाल्याची खूण होतेय. आमच्याकडं एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला. माझ्यापुरती मी एक देतो. तुमच्या गाडीला दोन.