पोटातले पाणी आणि अंगातली शक्ती

श्रोतेहो, मूत्रपिंडे निकामी झाली, की रक्तातली घाण काढण्याचा एक उपाय घरच्या घरी करता येतो. पोटात एक मऊ नळी बसवतात. तिच्यातून साधारण दोन लिटर औषधी पाणी आत सोडायचे, काही तास ठेवायचे आणि घाणीसकट बाहेर काढायचे. असे दिवसातून तीन-चार वेळा. ह्याला पेरिटोनियल डायलिसिस म्हणतात.

ह्या उपचाराचा मोठा शत्रू म्हणजे पोटातला जंतुसंसर्ग. तो पुन्हा पुन्हा झाला, की घरचे म्हणतात, "डॉक्टरसाहेब, शक्ती वाढवणारे काहीतरी द्या ना!" मागणी साहजिक आहे. पोटात जंतू गिळणाऱ्या पेशी राखण करीत असतात. रोजच्या पाण्याबरोबर त्यांतल्या पुष्कळ वाहून जातात; पाच-दहा ग्रॅम प्रथिनेही जातात. कुंपण रोज थोडे थोडे ढासळावे, तसे हे होते.

पण हा संसर्ग हमखास टाळील असे सिद्ध झालेले शक्तिवर्धक औषध आज नाही. अनोळखी चूर्णांत कधी शिसे-पारा असतो. मूत्रपिंडाची उरलीसुरली ताकदही त्याने जाते.

मग संसर्ग कमी झाला तो कशाने? 1980 च्या सुमारास इटलीतील पेरुजा येथे डॉ. बुओनक्रिस्तियानी ह्यांनी दोन फाट्यांची नळी वापरात आणली. जोडताना शिरलेले जंतू आधी बाहेर धुऊन टाकायचे, मगच नवे पाणी पोटात घ्यायचे. एवढ्याशा युक्तीने संसर्ग पुष्कळ घटला.

तेव्हा शक्ती हवी ती अशी मिळवा. साबणाने हात धुऊन पूर्ण कोरडे करा. तोंडाला मास्क बांधा, पंखा बंद ठेवा. नळीच्या जागी डॉक्टरांनी दिलेलेच मलम लावा. अंडी, मासे, डाळ किती खायची ते विचारून घ्या. कावीळ-ब, फ्लू, न्यूमोनिया ह्यांच्या लशी टोचून घ्या.

आणि रोज एक परीक्षा करा. निघालेल्या पाण्याच्या पिशवीमागे छापील कागद धरा. अक्षरे धूसर दिसली, किंवा पोट दुखून ताप आला, तर पिशवी घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा. प्रतिजैविक औषध बहुधा पोटातल्या पाण्यातूनच देतात. तोच जंतू पुन्हा उलटला, तर तो नळीलाच चिकटून बसलेला असू शकतो. मग नळी काढावी लागते. तिथे टॉनिक काय करणार?

शिक्षक बंधुभगिनींनो, गावात असा रुग्ण असेल, तर त्याच्या घरच्यांना ही अक्षरांची परीक्षा आवर्जून शिकवा. वेळेवर ओळखलेला गढूळपणा जीव वाचवतो.