दिवस जायच्या आधीची गोळी

मैत्रिणींनो, एका पेशीच्या दोन व्हायच्या तर आधी तिच्या डीएनएची नक्कल व्हावी लागते. दोरीचा पीळ उलगडावा तसे त्याचे दोन धागे सुटतात आणि प्रत्येकाला नवा जोडीदार धागा तयार होतो: ‘ए’समोर ‘टी’, ‘जी’समोर ‘सी’. यातलं ‘टी’ घडवायला फोलेट लागतं. गर्भात तर ही नक्कल अखंड चालू! मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून बनतात ती नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते. उघडी राहिली, तर बाळाच्या कण्यात कायमचा दोष. आपण मात्र पाळी चुकल्यावरही आठवडाभर वाट बघतो. नाव नोंदवून गोळ्या मिळेपर्यंत ती वेळ गेलेली असते. पालेभाज्या, कडधान्यं खाऊच. पण मूल हवं असं ठरलं की रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड आधीपासूनच घेऊ. आधीच्या बाळाला असा दोष असेल, तर मात्रा जास्त लागते. ती डॉक्टरांनाच विचारायची.