रक्तदाबाचे मूळ बालपणात
(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





रक्तदाबासारख्या विषयावर शाळामास्तराने बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु डॉक्टरांकडे माणूस चाळिशी-पन्नाशीत जातो, आमच्याकडे तो पाचव्या-सहाव्या वर्षी येतो. ज्या विकाराची गोळी पन्नाशीत सुरू होते, त्याचा पाया पुष्कळदा बालपणात, किंबहुना आईच्या उदरातच घातला जातो, असे आज वैद्यकशास्त्र सांगते. म्हणून हा विषय जितका दवाखान्याचा तितकाच घराचा आणि शाळेचा आहे.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात पंधरा वर्षांवरील शंभर पुरुषांपैकी सुमारे 24 आणि शंभर स्त्रियांपैकी सुमारे 21 जणांचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा त्यासाठी त्यांची औषधे चालू होती. हा विकार दुखत नाही, खुपत नाही. कित्येकांना त्याची पहिली खबर अर्धांगवायूने किंवा हृदयविकाराच्या झटक्यानेच मिळते. घरातील कर्ता माणूस अंथरुणाला खिळला की पहिला घाला पडतो तो मुलांच्या शिक्षणावर, आणि त्यातही मुलीच्या. शिक्षण संस्थेला या विषयाशी काय कर्तव्य, याचे उत्तर यातच आहे.

बालपणाचा आणि या विकाराचा संबंध लक्षात कसा आला, ते थोडक्यात सांगतो. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात 1911 पासून बाळांची जन्मवजने वहीत टिपून ठेवली जात होती. कित्येक दशकांनी डॉ. डेव्हिड बार्कर यांनी त्या जुन्या वह्या काढून ताडून पाहिल्या. जन्मतः कमी वजनाची बाळे मोठेपणी हृदयविकाराने अधिक प्रमाणात दगावली होती, हे त्यांनी 1989 मध्ये प्रसिद्ध केले.

पण इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच पुण्यात, रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयात, डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच काम केले आहे. 1987 ते 1989 या काळात त्या रुग्णालयात जन्मलेल्या मुलांना त्यांनी आठव्या वर्षी पुन्हा तपासले. 477 मुलांच्या या पाहणीत असे दिसले की, जन्माच्या वेळी वजन जितके कमी, तितका आठव्या वर्षी वरचा रक्तदाब काहीसा अधिक. आणि मधुमेह व हृदयविकाराकडे नेणारी लक्षणे सर्वांत जास्त कोणात होती? जी मुले जन्मतः लहानखुरी होती, पण आठ वर्षांची होईपर्यंत अंगावर चरबी चढून गुबगुबीत झाली होती, त्यांच्यात!

माता-भगिनींनो, ही गोष्ट आपण नीट ध्यानात घ्यावी. बाळ अशक्त जन्मले की दादी-नानीपासून शेजारणीपर्यंत सर्वांना एकच ध्यास लागतो, की ते लवकर गुटगुटीत व्हावे. मग साखर, तूप, बिस्किटे यांचा मारा सुरू होतो. त्यामागे माया असते, यात शंका नाही. परंतु अशा बाळाला हवे असते ते आईचे दूध आणि पुढे डाळ, अंडे, भाजी, फळ यांचा साधा चौरस आहार. उंची वाढावी, हाडे-स्नायू भरावेत. केवळ चरबी वाढणे म्हणजे प्रकृती सुधारणे नव्हे.

असे का होते? आपल्या मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या लक्षावधी सूक्ष्म गाळण्या असतात. त्या जन्मापूर्वीच तयार होतात, नंतर नव्या तयार होत नाहीत. उदरात पोषण कमी पडले तर त्या संख्येने कमी राहतात. मग शरीरातील जादा मीठ बाहेर टाकण्यास दाब वाढवावा लागतो. रक्तवाहिन्यांना लवचीकपणा देणारा घटकही मुख्यतः याच काळात आणि बाल्यावस्थेत घडतो. अशा शरीरावर पुढे मिठाचा आणि चरबीचा भार पडला की दुखणे लवकर डोके वर काढते.

म्हणजे प्रश्न मुलाच्या ताटापर्यंत थांबत नाही, तो मुलीच्या ताटापर्यंत जातो. 1993 मध्ये याच डॉक्टरांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. ज्या माता दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा खात, त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली होती. मेथी, पालक, चाकवत ही काही श्रीमंतांची मिजास नव्हे. आपल्या घरी मेथी-गोश्त शिजते, तेव्हा मेथी आणि गोश्त दोन्ही मुलीच्या वाट्याला पुरेसे येतात काय, एवढे प्रत्येक बापाने पाहावे. सर्वांत शेवटी जेवणारी मुलगी उद्याची आई आहे. तिचे शिक्षण थांबवून कोवळ्या वयात निकाह लावून देणे म्हणजे पुढच्या पिढीच्या रक्तात आजार पेरणे होय.

आता घराच्या वातावरणाकडे वळू. प्रौढ माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा, कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांना त्याहूनही कमी पुरते. बेकरीची खारी, फरसाण, वेफर्स, नूडल्सची पुडी, लोणचे, पापड यांतून मीठ नकळत पोटात जाते. जिभेला खारटपणाची सवय लहानपणीच लागते. दस्तरखानावरून मिठाची वाटी उचलली, तर ती सवयच लागणार नाही.

दुसरी गोष्ट खेळाची. मुलांनी रोज किमान एक तास धावपळ करावी. भवानी पेठ, नाना पेठेतील दाट वस्तीत किंवा कोंढव्याच्या इमारतींत अंगण नाही, हे खरे. म्हणूनच शाळेच्या मैदानाचे मोल अधिक. खेळाचा तास कापून गणिताला देण्याची मागणी पालकांनी करू नये, आणि आम्ही शिक्षकांनी ती मान्य करू नये. मुलींचाही त्या मैदानावर तितकाच हक्क आहे.

तिसरी गोष्ट धुराची आणि धाकाची. मुलाच्या देखत ओढलेली विडी-सिगारेट मुलाच्याही छातीत जाते. रोजची भांडणे, मारहाण, अपुरी झोप यांचा ताणही कोवळ्या शरीरावर आपली खूण ठेवतो. घर दोन खोल्यांचे असो, त्यात शांतता असावी.

कोणा मातेने माझे बोलणे ऐकून स्वतःला दोष देऊ नये. जन्मवजन म्हणजे ललाटलेख नव्हे. धोका कोठे आहे हे कळले की तो कमी करता येतो. तीन वर्षांपुढील मुलांचा रक्तदाब वर्षातून एकदा, त्यांच्या दंडाला बसेल अशा लहान पट्ट्याने, तपासून घ्यावा, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. आपल्या संस्थेने वार्षिक आरोग्य तपासणीत उंची-वजनाबरोबर रक्तदाबाचा एक रकाना वाढवावा, ही माझी व्यवस्थापनास नम्र विनंती.

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर अब्बा-अम्मींना एवढेच विचारा की, तुम्ही रक्तदाब शेवटचा कधी मोजला? तुमच्या शिक्षणाची फी भरणारे हात धडधाकट राहणे हाही तुमच्या अभ्यासाचाच भाग आहे.