एका हाकेचं मोल

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा. कमिटीने 'दोन शब्द' बोलायला सांगितलंय, तर थोडक्यात सांगते.

२५ मार्च २०२० ला देशभर लॉकडाऊन लागला. हे गेल्यानंतरचं माझं ते पहिलंच वर्ष. मुलगी पुण्यात अडकलेली. पण रोज सकाळी दाराच्या कडीला दुधाची पिशवी अडकवलेली असायची; शेजारच्या सूनबाई न सांगता आणायच्या. कचरा नेणारे दादा एक दिवस चुकले नाहीत. वॉचमन खालून विचारायचा, "आजी, बरं आहे ना?" त्या एका हाकेवर माझा दिवस निघायचा.

आभार मानायला समारंभच कशाला हवा? उद्या पंप चालू करणाऱ्याला, जिना झाडणाऱ्या मावशींना नावाने हाक मारा, चहा विचारा. त्यांचाही दिवस गोड जाईल, आपलाही.