गुडघ्याचा घसारा

(कापूस-ज्वारी पट्ट्यातील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



बोलायला सुरुवात करण्याआधी एक काम करू. या व्यासपीठावर सात खुर्च्या आहेत आणि सातही खुर्च्यांवर आम्ही धडधाकट माणसं बसलो आहोत. समोर सतरंजीवर साठी ओलांडलेल्या कितीतरी माया बसल्या आहेत. त्यातल्या निम्म्या जणींनी एक पाय लांब केलाय, आणि चारचौघांत पाय लांब करणं बरं दिसत नाही म्हणून त्यावर पदर ओढलाय. तेव्हा या खुर्च्या आधी खाली जाऊ द्या. आम्ही उभ्यानं बोलू, पुढारी सतरंजीवर बसतील. त्यांचे गुडघे अजून शाबूत आहेत.

झालं? आता बोलू.

आजचा विषय सांधेदुखीचा आहे. कुणी म्हणेल, इकडं कापसाच्या भावाची पंचाईत आणि तुम्ही गुडघ्याचं काय काढलंत? थोडा दम धरा. शेवटी भावापर्यंतच यायचं आहे.

आम्ही शेतीची पदवी घेतली. दोन ओळींत अंतर किती, बी किती खोल, खत कधी, हे सांगत गावोगाव हिंडलो. पऱ्हाटीची उंची मोजली, बोंडं मोजली, कणसाचं वजन केलं. पण त्याच ओळीत दिवसभर उकिडवं बसून निंदणारी बाई संध्याकाळी उठते कशी, हे आम्ही कधी पाहिलं नाही. त्या बायांत आमची आईसुद्धा होती. लग्न होऊन आली त्या वर्षीपासून ती कापूस वेचते. गुडघे दुखतात म्हणाली की आम्ही म्हणायचो, वय झालं. ती म्हणायची, "गुडघ्याचं काय घेऊन बसलास, कापूस फुटलाय."

शेवटी उठणं-बसणंच अवघड झालं तेव्हा तिला तपासायला मुंबईला नेलं. आमचा धाकटा भाऊ नाहूरला राहतो. मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंडच्या मधलं स्टेशन. तुमच्यापैकीही अनेकांचं कुणी ना कुणी त्या बाजूला नोकरीला असेल. नाहूरच्या पुलाचा जिना आई पहिल्या दिवशी दोन्ही हातांनी कठडा धरून, रडकुंडीला येऊन चढली.

रुग्णालयात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला एकच ओळ पाठ करायला दिली: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आणि काठी दुखऱ्या गुडघ्याच्या उलट्या हातात. आम्ही तिला काठी दुखऱ्या बाजूलाच धरायला लावली होती, म्हणजे सगळा भार त्याच गुडघ्यावर. काठीची मूठ हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या रेषेला यावी आणि टोकाला रबरी बूच हवं. दहा-वीस रुपयांचं बूच, पण ते नसलं तर सारवलेल्या जमिनीवर काठी घसरलीच समजा.

नाहूरला ती दोन महिने राहिली. पंधरा दिवसांत सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारू लागली. आम्हाला वाटलं, औषध लागू पडलं. पण गोळी तीच होती, गावाकडे चालू होती ती. आम्ही विचारलं तर आई म्हणाली, "अरे, इथं मला खाली बसावंच लागत नाही."

बघा. संडासला कमोड. स्वयंपाकाला ओटा. आंघोळीला स्टूल. झोपायला पलंग. उकिडवं बसून उठताना गुडघ्यावर सगळ्यात जास्त ताण येतो, आणि तेच दिवसातून वीस वेळा करायचं बंद झालं होतं. मग वेचणीला ती गावी परत आली आणि महिन्याभरात पुन्हा जागची हलेना. गुडघे तेच, गोळी तीच. फरक होता फक्त दीड फुटाचा.

हा दीड फूट गावात आणायला मुंबई लागत नाही. आम्ही काय केलं ते सांगतो.

गावच्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी चौकट करून घेतली, वर मधोमध भोक असलेली बैठक, ती संडासच्या भांड्यावर ठेवली. बाजूच्या भिंतीत धरायला पाइप ठोकला. प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडूनही काम भागतं, पण तिचे पाय फाकतात, म्हणून लोखंडाची बरी. बाजेखाली चार विटा घालून ती उंच केली. चूल ओट्यावर घेतली. नळाची फिरवायची तोटी काढून दांडीची बसवली, ती मनगटानं ढकलली तरी उघडते. खुरप्याच्या आणि विळ्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. मूठ जाड झाली की बोटं कमी आवळावी लागतात. भरलेली कळशी उचलण्याऐवजी दोन लहान बादल्या केल्या.

शेतातलंही तसंच. निंदण बसून करायचं त्यातलं जेवढं होईल तेवढं सायकल कोळप्यानं उभ्यानं करा. पऱ्हाटी हातानं उपटू नका, तिचा चिमटा मिळतो. ज्वारी कापायला दाते असलेला विळा घ्या, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा वैभव विळा तसाच आहे. वेचलेला कापूस कमरेच्या ओटीत दिवसभर लोंबकळत ठेवण्यापेक्षा दोन्ही खांद्यांवर पट्टे असलेल्या पिशवीत घ्या, आणि ती भरायची वाट न पाहता रिकामी करा.

आणि एक व्यायाम, आत्ता खुर्चीवर बसलेल्यांनी करून बघा. एक पाय गुडघ्यात सरळ करा, मांडी आवळा, मनात दहा मोजा, खाली ठेवा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्याचा भार तो वाटून घेतो. दुखतं म्हणून पडून राहिलं की स्नायू वाळतो आणि दुखणं वाढतं.

आता जी गोष्ट सांगायला जड जाते ती सांगतो. सगळी सांधेदुखी एक नसते. आईची होती ती झिजेची. हाडांच्या टोकांवरची कूर्चा झिजते, चाललं की दुखतं, बसलं की थांबतं. आमच्या मोठ्या वहिनीचं दुखणं वेगळं होतं. वय पस्तीस. सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटं तासभर वळायची नाहीत. भाकरी थापता यायची नाही. बोटांची पेरं सुजायची. आम्ही, शिकलेल्या माणसांनी, सांगितलं की थंडीनं होतं. बाजाराच्या गावी एक जण इंजेक्शन द्यायचा, त्यानं चार दिवस बरं वाटायचं. दोन वर्षं अशी गेली. हा आमवात होता, शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं तो. त्यावर औषध आहे आणि ते लवकर सुरू केलं तर हात वाचतो. आम्ही पोचलो तेव्हा उजव्या हाताची बोटं वाकली होती. आता आजार आटोक्यात आहे, पण वाकलेली बोटं सरळ झाली नाहीत. ती दोन वर्षं आमच्या नावावर आहेत.

म्हणून लक्षात ठेवा. सकाळचं आखडणं अर्ध्या तासाच्या वर टिकतं, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजतात आणि हे काही आठवडे चालतं, तर इंजेक्शनवाल्याकडे जाऊ नका. जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय गाठा. या आजारात मेथोट्रेक्सेट नावाची गोळी बऱ्याचदा देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही. रोज घेतली तर जिवावर बेतते. घरात वाचता येणाऱ्या पोरानं वार लिहून ती डबीवर चिकटवावी. आणि पुडीत बांधून मिळणारी विनानावाची भुकटी घेऊ नका. तिच्यात स्टेरॉइड असलं तर लगेच आराम पडतो आणि हाडं आतून पोकळ होतात.

यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पाठ, मान आणि सांधे ताठरतात आणि लोक त्याला वात म्हणतात. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असेल तर ते पाणी पिऊ नये. एकाच वस्तीत पुष्कळ जण ताठरलेले दिसले तर ग्रामपंचायतीला पाणी तपासायला लावा.

हे दुखणं किती घरांत आहे? मोजलं तर कळतं. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन विचारलं. गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवलं, कागदावर माणसाची आकृती ठेवली आणि कुठं दुखतं तिथं खूण करायला सांगितली. ४,०९२ प्रौढ माणसांत ७४६ जणांना सांध्यांचं किंवा स्नायूंचं दुखणं निघालं. शंभरात अठरा. आमवात मात्र हजारात पाच जणांच्या आसपास. म्हणजे हजार माणसांच्या गावात वहिनीसारख्या तीन-चार जणी असणार, आणि त्यांना कुणीतरी थंडी म्हणून सांगत असणार.

आता मदतीचं. मदत म्हटलं की आपली मान खाली जाते. आम्ही कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, असा आपला बाणा. बाणा चांगला आहे, पण जे कायद्यानं आपलं आहे ते मागण्यात लाज कसली? धर्मादाय रुग्णालयांना सवलती मिळतात, त्या बदल्यात दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली घालून दिलेली योजना आहे ही. आम्ही आईला घेऊन एका मोठ्या रुग्णालयात गेलो तेव्हा खिडकीवरच्या माणसानं, अशी काही योजना इथं नाही, म्हणून सांगितलं. परत फिरणार होतो. भावाच्या शेजारच्या ताई म्हणाल्या, समाजसेवा विभाग कुठं आहे ते विचारा. तिथं गेलो, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड दाखवलं आणि काम झालं. नुसत्या खिडकीवरून परतू नका. दाखले गावाहून निघतानाच सोबत घ्या. नकार दिला तर लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जा.

केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ साली सुरू झाली. गरीब घरातल्या ज्येष्ठांना काठी, वॉकर, चाकाची खुर्ची तिच्यातून देतात. राज्यानं २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली, तिच्यात ६५ वर्षांवरच्या, दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांच्या खात्यात अशा साधनांसाठी ३,००० रुपये एकदा जमा करायचे ठरलं. अर्ज घेणं चालू आहे का, ते समाजकल्याण कार्यालयात विचारा. पैसे आले तर ते खतात घालू नका, कमोडची खुर्ची आणा. गुडघा बदलायची वेळ आली तर आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठून महात्मा फुले योजनेत काय बसतं ते विचारा. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर सरकारनं २०१७ च्या ऑगस्टमध्ये मर्यादा घातली आहे. बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवा म्हणून सांगा.

आता भावाकडे येतो.

कृषिमूल्य आयोग उत्पादन खर्च काढतो. त्यात बियाणं, खत, मजुरी धरतो. अवजारांचा घसारा धरतो. वखराची पास झिजते, तिची झीज खर्चात येते. घरच्या माणसांची मजुरीही कागदावर लावतात. पण ती मजुरी करताना जो गुडघा झिजला त्याचा घसारा कुठल्याच तक्त्यात नाही. पास झिजली तर बाजारातून नवी आणता येते. गुडघा?

आणि सरकारला बोल लावताना आपण स्वतःचा हिशेबही तपासू. बैलाचा खांदा सुजला तर आपण त्याला जुंपत नाही. हळद-तेल लावतो, चार दिवस गोठ्यात उभा ठेवतो. घरधनीण लंगडत वेचणीला निघते तेव्हा कोण म्हणतं, आज राहू दे? आम्ही तरी म्हटलं नव्हतं. सरकारनं घसारा धरला नाही, तसा आम्हीही धरला नाही.

मागणी करायची तर आकडे लागतील. म्हणून पुढच्या बैठकीला प्रत्येक गावानं तीन गोष्टी आणायच्या. पहिली, भिगवणसारखी घरोघर विचारून केलेली यादी: कुणाचं काय दुखतं, किती दिवस, आणि त्यामुळं किती रोज बुडाले. नावं नको, आकडे आणा. दुसरी, सकाळी बोटं आखडणाऱ्या जितक्या सापडतील तितक्यांना पंधरा दिवसांत दवाखान्यात पोचवल्याची खबर. तिसरी, आपल्या गावच्या वेल्डिंगवाल्यानं केलेली निदान एक बैठक. माप सांगतो, लिहून घ्या: उंची दीड फूट, पायांना रबरी बूच.

आई आता वेचणीला जात नाही. ओट्यावर बसून सरकी निवडते आणि आम्हाला सांगते, कुणाच्या ओळीत तण राहिलं. परवा तिनं विचारलं, "मला दिलीस ती खुर्ची, वहिनीच्या आईला करून दिलीस का?" दिली नव्हती. उद्या वेल्डिंगवाल्याकडे जाणार आहे.

खुर्च्या परत वर आणू नका. सभा संपेपर्यंत तिथंच राहू द्या.