न गंजणारी फ्रेम आणि अडकलेला दांडा



अलिबागला माझे एक मित्र राहतात. बँकेतून निवृत्त झालेले, सायकलवेडे. आठ वर्षांपूर्वी त्यांनी टायटॅनियमच्या फ्रेमची सायकल घेतली. घरात किंमत किती सांगितली, ते त्यांचं त्यांना ठाऊक. समुद्र हाकेच्या अंतरावर. तिथं साध्या सायकलच्या तारा दोन पावसाळ्यांत तांबूस होतात. म्हणून हा खर्च. "मी जाईन, पण ही राहील," असं ते कौतुकानं म्हणायचे.

गेल्या गणपतीत त्यांचा फोन आला. पुण्याहून आलेल्या मुलाला चक्कर मारायची होती. तो बापापेक्षा उंच, म्हणून सीट वर घ्यायला गेले, तर सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, हलेचना. तेल सोडून झालं, लाकडी हातोडीनं ठोकून झालं. शेवटी कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे दांडा वाईसमध्ये धरून अख्खी फ्रेम फिरवली, तर दांड्याचं डोकंच तुटून हातात आलं. खालचा भाग आतच. आणि फ्रेमच्या तोंडाशी पांढरी पूड, मिठासारखी.

"अहो, टायटॅनियम गंजलं की काय?" त्यांनी विचारलं.

नाही. गंजलं होतं ते दुसरंच. पण टायटॅनियमची फ्रेम किती वर्षं टिकते, या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्या पांढऱ्या पुडीत होतं. आज त्याबद्दलच बोलू.

आधी धातूची ओळख. टायटॅनियम दुर्मिळ अजिबात नाही. रत्नागिरीजवळ काळबादेवी, नेवरे, मालगुंड या किनाऱ्यांवर वाळूत जो काळा, जड थर दिसतो, त्यात इल्मेनाइट नावाचं खनिज असतं. इल्मेनाइट म्हणजे लोखंड, टायटॅनियम आणि ऑक्सिजन. जगात निघणाऱ्या या खनिजातलं बहुतेक सगळं पांढऱ्या रंगद्रव्यात जातं: भिंतीच्या रंगात, प्लॅस्टिकमध्ये, कागदात. धातू म्हणून वापरला जाणारा हिस्सा अगदी थोडा. कारण ऑक्सिजन आणि टायटॅनियम यांची गाठ सोडवणं महाकठीण. लक्झेंबर्गच्या विल्यम क्रोल यांनी १९३०च्या दशकात त्यावर रीत काढली. खनिजावर आधी क्लोरीनची क्रिया करायची, मग तयार झालेलं द्रव संयुग बंद भांड्यात वितळलेल्या मॅग्नेशियमबरोबर तापवायचं. उरतो तो सच्छिद्र गोळा, ज्याला स्पंजच म्हणतात. केरळात चवरा इथं २०११पासून असा स्पंज आपल्या अंतराळ कार्यक्रमासाठी बनतो.

ऑक्सिजनची ही ओढच पुढं या धातूच्या कामी येते. टायटॅनियम हवेत उघडं पडलं, की क्षणात त्याच्यावर ऑक्साइडचा थर धरतो. काही नॅनोमीटर जाडीचा, डोळ्याला न दिसणारा. ओरखडा काढा, थर लगेच पुन्हा धरतो. समुद्राच्या पाण्याला तो दाद देत नाही, घामाला देत नाही. दातांच्या डॉक्टरांनी जबड्यात बसवलेला स्क्रू वर्षानुवर्षं खारट ओलाव्यात राहतो, तो याच बळावर. त्यामुळं टायटॅनियमच्या फ्रेमला रंग लागत नाही आणि गंज हा विषय तिच्यापुरता संपतो.

पण शेजाऱ्यापुरता सुरू होतो. मित्राचा सीटपोस्ट होता अल्युमिनियमचा. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून बसले आणि मध्ये खारट ओल आली, की ती छोटी बॅटरीच झाली. अशा जोडीत दुबळ्या धातूचा क्षय होतो, आणि इथं दुबळं अल्युमिनियम. त्याची जी पांढरी पूड होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते. नळीत जागा नसतेच. मग ती पाचरीसारखी फुगून बसते आणि दांडा असा जखडतो, की हातोडी हरते. टायटॅनियमला यात काही होत नाही. ते अल्युमिनियमच्या जिवावर सुरक्षित राहतं, असं म्हणा हवं तर.

आम्ही तो दांडा कसा काढला ते सांगतो, पण कुणी घरी करून पाहू नका. कॉस्टिक सोडा अल्युमिनियम खातो, पण नेहमीच्या तापमानाला टायटॅनियमला हात लावत नाही. पेडलजवळची सगळी बेअरिंगं काढली, फ्रेम उलटी टांगली, दांड्याच्या तोंडाला रबरी बूच मारलं आणि खालच्या बाजूनं, म्हणजे आता वर आलेल्या बाजूनं, सोड्याचं पाणी ओतलं. उघडं अंगण, डोळ्यांना गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे. कारण त्यातून हायड्रोजन निघतो आणि नळी चांगली तापते. फसफस, फसफस. दोन दिवस, तीनदा पाणी बदलून. काळपट राडा बाहेर आला, मागून उरलेला दांडा वेफरसारखा पातळ होऊन निघाला. बॅटरीच्या उजेडात नळीच्या आत पाहिलं, तर भिंत जशीच्या तशी, करडी, गुळगुळीत. मित्रांचा चेहरा पाहण्यासारखा होता.

हे सगळं टळलं असतं ते दोन बोटं लेपानं. अँटी-सीझ नावाचा, तांब्याची किंवा निकेलची पूड घातलेला ग्रीससारखा लेप मिळतो. तो लावायचा, आणि दांडा वर्षातून एकदा तरी बाहेर काढून, पुसून, पुन्हा लावायचा. पेडलजवळचं बेअरिंग बसतं तिथल्या आट्यांनाही तेच.

आता फ्रेम मोडण्याकडे वळू, कारण गंजत नाही ती फ्रेम मोडतही नाही, असा एक भाबडा समज आहे.

बाइंडिंगची तार हातात घ्या आणि पुढं-मागं वाकवत राहा. एकदा वाकवून तुटत नाही, पण विसाव्या वेळी तुटते. धातूला असा थकवा येतो. सायकलच्या फ्रेमला किती वेळा वाकावं लागतं, याचा हिशोब मी एकदा मांडला होता. वर्षाला ५,००० किलोमीटर चालवणारा माणूस ताशी २०च्या वेगानं २५० तास सायकलवर असतो. मिनिटाला ७० फेरे पेडल मारलं, तर साडेदहा लाख फेरे. प्रत्येक फेऱ्यात दोन पायांचे दोन दाब, म्हणजे वर्षाला वीस लाखांवर. दहा वर्षांत दोन कोटी. प्रत्येक दाबाला फ्रेम केसभर हलते आणि परत येते.

पोलाद आणि टायटॅनियम यांची खुबी अशी, की ताण एका मर्यादेच्या खाली ठेवला तर ते हे दोन कोटी दाब जवळजवळ अंगाला लावून घेत नाहीत. अल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. तिथं लहान ताणाचीही नोंद होत राहते. टायटॅनियमच्या फ्रेमला "आयुष्यभराची" म्हणतात ते यामुळं. पण त्या वाक्यात "मर्यादेच्या खाली ठेवला तर" ही अट आहे, आणि जाहिरातीत ती कधी छापत नाहीत.

ही अट न पाळल्यानं काय होतं, ते इतिहासात दिसतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या स्पीडवेल कंपनीनं टायटॅनियमच्या फ्रेम काढल्या. त्याच सुमारास अमेरिकेत टेलेडाइन टायटन आली. टेलेडाइनच्या नळ्या जवळपास शुद्ध टायटॅनियमच्या होत्या. शुद्ध टायटॅनियम तसं मऊ. त्यात या धातूचा ताठपणा पोलादाच्या निम्मा. त्याच मापाची नळी केली तर दुप्पट लवते. त्या फ्रेम डुलायच्या, आणि त्यांतल्या बऱ्याच तडकल्या. टायटॅनियमचं नाव सायकलवाल्यांत त्यामुळं काही काळ खराबच झालं.

ते सुधारलं १९८६नंतर, मॅसॅच्युसेट्समधल्या मर्लिन आणि टेनेसीतल्या लाइटस्पीड यांच्यामुळं. विमानाच्या हायड्रॉलिक यंत्रणेत उच्च दाबाचं तेल वाहणाऱ्या नळ्या ज्या मिश्रधातूच्या असतात, तोच सायकलींना वापरात आला: ३ टक्के अल्युमिनियम, अडीच टक्के व्हॅनेडियम, बाकी टायटॅनियम. आयुष्यभर थरथरत राहायची सवय असलेली ही नळी. ती जाड घेराची, पण पातळ भिंतीची केली. घेर वाढवला की ताठपणा त्याच्या कितीतरी पटीनं वाढतो. बांबू पोकळ असून उभा राहतो ना, तसं. त्या काळातल्या कित्येक फ्रेम पस्तीस-पस्तीस वर्षं होऊनही आज रस्त्यावर आहेत.

तरीही एक गोष्ट सांगायलाच हवी. १९९७मध्ये जर्मनीच्या टूर या सायकल मासिकानं बारा महागड्या फ्रेम प्रयोगशाळेत यंत्रावर चढवल्या आणि तडा जातो का, ते पाहायला दाबल्या. कसोटीला पुरून उरल्या तीनच: दोन अल्युमिनियमच्या आणि एक कार्बनची. पोलादी आणि टायटॅनियमच्या फ्रेम तडकल्या. ज्या धातूला थकव्याची मर्यादा नाही, त्याच्या दोन फ्रेम टिकल्या, आणि ज्याला आहे त्याच्या गेल्या. कारण त्या अल्युमिनियमवाल्यांनी धातूचा दुबळेपणा ओळखून नळ्या दणकट केल्या होत्या, तर इतरांनी वजन वाचवायला भिंती पातळ केल्या होत्या. माझ्या मते टायटॅनियम घेणाऱ्या प्रत्येकानं हा निकाल लक्षात ठेवावा. वजनात दोनशे ग्रॅम वाचवून दाखवणारी फ्रेम दिसली, की ते दोनशे ग्रॅम कुठून काढले, हे विचारावं.

तडा जातो तोही नळीच्या मध्ये सहसा नाही. जातो वेल्डिंगच्या काठाला. तापलेलं टायटॅनियम ऑक्सिजन आणि नायट्रोजन अधाशासारखं पितं. चारशे-साडेचारशे अंशांच्या वर असताना त्याला हवा लागली, की ते ठिसूळ होतं. म्हणून आपल्याकडे ज्याला आर्गॉन वेल्डिंग म्हणतात ते इथं नुसतं बाहेरून चालत नाही. नळीच्या आतही आर्गॉन भरून ठेवावा लागतो, टाका निवेपर्यंत. काम कसं झालं ते रंग सांगतो. चांदीसारखा टाका उत्तम, गवती पिवळा चालण्यासारखा, निळा-जांभळा काळजीचा, आणि राखाडी किंवा पांढरट पिठूळ असेल तर तो सांधा फेकून देण्याच्या लायकीचा. बाहेरचा टाका घासून चकचकीत करता येतो, आतला मात्र घासता येत नाही. जुनी फ्रेम घेताना पेडलच्या खोबणीतून बॅटरी मारून आत पाहावं ते यासाठी. शोभेसाठी विजेची प्रक्रिया करून दिलेले निळे-सोनेरी रंग वेगळे. ते ऑक्साइडच्या थराची जाडी बदलून येतात आणि निरुपद्रवी असतात. दोन्हींत गल्लत करू नका.

तडा कुठं शोधायचा? पेडलजवळचा सांधा, हँडलच्या नळीखालचा सांधा, मागच्या चाकाची पकड, आणि सीटच्या नळीचं तोंड. या शेवटच्या जागी बहुतेक वेळा चूक मालकाचीच. दांडा जेमतेम आत ठेवून सीट उंच केली, की ऐंशी किलोचा माणूस पहारीसारखी ती नळी उचकटत राहतो. दांड्यावरची कमीत कमी खोलीची रेघ तर आत हवीच, पण दांडा आडव्या नळीच्या सांध्याच्या पुरता खाली गेलेला असला तर बरा. दुसरी गोष्ट ओरखड्यांची. टायटॅनियमला खाच सोसत नाही. तिथून तडा सुरू व्हायला निमित्त मिळतं. चिखलानं माखलेली ब्रेकची केबल एकाच जागी घासत राहिली, तर दोन-तीन पावसाळ्यांत खोबण पाडते. तिथं पारदर्शक चिकटपट्टी लावली की झालं.

फ्रेम धुऊन, कोरडी करून, सांध्यांवरून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकला तर थांबा. शंका आली तर भोसरी-चाकणच्या कारखान्यांत रोज होते ती डी.पी. टेस्ट इथंही चालते: लाल रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरा फवारा मारायचा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. तडा गेलेली फ्रेम जाणकार माणूस पुन्हा जोडूही शकतो, पण आत आर्गॉन भरणाराच हवा, दरवाजे-खिडक्यांचं वेल्डिंग करणारा नको. आणि "लाइफटाइम वॉरंटी"चा कागद एकदा वाचून ठेवा. बहुतेक ठिकाणी ती पहिल्या मालकापुरती असते आणि अपघात तिच्यात धरत नाहीत.

त्याच वर्षी खंडेनवमीला मी अलिबागला होतो. ओटीवर सायकल उभी होती. मित्रांनी नवा दांडा बाहेर काढला, जुना लेप फडक्यानं पुसला, नवा लावला, दांडा खुणेपर्यंत आत सारला आणि मग हळदकुंकू वाहिलं. वहिनींनी झेंडूची माळ आणली होती, तारेत ओवलेली. ती हँडलखालच्या नळीला बांधायला त्या पुढं झाल्या, तसे हे ओरडले, "अगं, तार नको, ओरखडा पडेल!" मग ती माळ सोडून पुन्हा दोऱ्यात ओवली आणि तोवर आम्ही सगळे जेवायचे थांबलो.